कांद्याला चालतं, अनंताला चालत नाही

पान न बघताच पिवळ्या झाडाला युरिया घालणारा माणूस भेटला, की मी आधी त्याला दोन शब्द सुनावते आणि मग पान हातात घेते. हे वयामुळे झालंय असं आमच्या घरी सगळे म्हणतात. ते खरं नाही. नोकरीला लागले तेव्हाही मी अशीच होते, फक्त तेव्हा साहेब समोर असायचे म्हणून आवाज खाली ठेवावा लागे.

माझी नोकरी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेतली. शेतकरी पिशवीतून शेतातली माती आणायचे. आम्ही ती वाळवायची, चाळायची, तिच्यात नत्र, स्फुरद, पालाश किती ते काढायचं आणि सामू बघायचा. सामू म्हणजे माती आंबटाकडे झुकलीय की चुन्याकडे, याचं माप. कांद्याची माती, बटाट्याची, उसाची, द्राक्षाची. दारातल्या मोगऱ्याची माती तपासायला कोण कशाला येतंय, असं साहेबांना वाटायचं. पण बायका यायच्या. नवऱ्याबरोबर मंचरच्या बाजाराला आलेली बाई, नवरा कांद्याचं बोलत असताना मागे उभी राहायची आणि हळूच पदराची गाठ सोडून मूठभर माती पुढे करायची.

"ताई, आमच्या शेवंतीला कळ्याच धरंनात. जरा बघता का?"

नवरा हसायचा. साहेबही हसायचे. वर "अहो, ही काय मातीय का, हा तर बायकांचा नाद," असंही म्हणायचे. मी दुपारच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून ती माती बघायची. कांद्याच्या मातीला माती म्हणायचं आणि शेवंतीच्या मातीला नाद, हे मला तेव्हाही पटलं नाही. निवृत्तीनंतर मी शेतीच्या वाटेला गेलेच नाही. फक्त दारातली, गच्चीतली, डब्याडुब्यांतली फुलझाडं बघते. जुन्नर-आंबेगावातल्या बायका फोनवर पानांचे फोटो पाठवतात, मी उत्तर देते. अगदीच गरज पडली तर एसटीनं जाते.

पान वाचणं अवघड नाही. मी इथे सांगून टाकते, म्हणजे निदान हा अंक वाचणारे तरी युरियाच्या पोत्याकडे धावणार नाहीत. खालची, जुनी पानं सबंध पिवळी पडत असतील तर नत्र कमी. झाड जुन्या पानातलं नत्र काढून नव्याला देतं, म्हातारी माणसं आपल्या ताटातलं नातवाला देतात तसं. वरची, कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, अगदी हिरवी जाळी काढल्यासारख्या दिसत असतील तर लोह कमी. लोह झाडाला जुन्या पानातून हलवता येत नाही, म्हणून उपाशी राहतं ते नवं पान. जुन्या पानांच्या कडा करपल्या तर पालाश कमी किंवा पाणी खारं. आणि कित्येकदा झाड उपाशी नसतंच. रोज पाणी ओतून ओतून मुळं कुजलेली असतात. तेव्हाही पान पिवळंच पडतं. पिवळं पान म्हणजे ताप आल्यासारखं आहे, कशानं आला ते बघावं लागतं.

पण बघायचं कोणाला असतं? नारायणगावच्या एका निवृत्त गृहस्थांनी गुलाबाला केळीची सालं, अंड्याची टरफलं, कांद्याचं पाणी, ताक आणि उरलेला चहा, दुधासाखरेसकट, सगळं घातलं. मोबाइलवर बघून. मी गेले तेव्हा कुंडीत मुंग्यांची यात्रा भरली होती. मी म्हटलं, "भाऊ, झाडाला रोज पंगतीला बसवताय. कधी त्याला विचारलंत का, भूक आहे का म्हणून?" त्यांना राग आला. मला त्याहून जास्त आला होता, त्यामुळे ते लवकर गप्प झाले. कुंडीचं खालचं भोक बुजलं होतं, एवढंच कारण निघालं.

मंचरच्या कमलाबाईंचा प्रसंग मात्र हसण्यासारखा नव्हता. मारवाडी जैन कुटुंब, कांदा-बटाट्याचा पिढ्यांचा व्यापार, घरात बोलणं आपल्यासारखंच मराठी. गच्चीवर त्यांचा मोगरा. त्याची फुलं रोज सकाळी त्यांच्या मंदिरात पूजेला जायची. कळ्या गळायला लागल्या म्हणून त्यांच्या मुलानं कुठल्याशा नर्सरीतून 'फुलांसाठी खास' म्हणून सुटं खत आणून घातलं. मी ते चिमटीत घेतलं आणि वास घेतला. हाडांचा चुरा होता. फुलझाडांना घालतात, त्यात बेकायदा काही नाही. पण ज्या बाईच्या घरात कंदमूळसुद्धा शिजत नाही, तिला विकताना सांगायला नको? मी सांगितलं तेव्हा त्या किती तरी वेळ हात धूत राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, इतके दिवस तीच फुलं देवाला वाहिली मी." मुलगा बाजूला उभा राहून म्हणत होता, "आई, जाऊ दे ना, झाडालाच तर घातलं." मी नर्सरीत जाऊन भांडले. तिथला माणूस म्हणाला, कुणी विचारलंच नाही. झाड बाईचं, देव बाईचा, आणि खत आणलं मुलानं नि दिलं दुकानदारानं. बाईला विचारावं असं दोघांनाही सुचलं नव्हतं.

हे लिहिताना हात जरा जड झालाय, कारण जे मुळात लिहायचंय ते याच्या पुढचं आहे.

बेल्ह्याजवळच्या एका वाडीतून मनीषा नावाच्या मुलीनं फोटो पाठवला. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. माहेर डिंभ्याचं, धरणाच्या कडेचं. तिच्या आईच्या दारात अनंताचं झाड आहे, पांढऱ्या, वासाच्या फुलांचं. आईनं त्याच्या फांदीला मुळं फुटू दिली, आणि मनीषानं ते रोप एसटीत मांडीवर धरून सासरी आणलं. औषधाचं निळं पिंप अर्धं कापून, त्यात शेतातली माती भरून दारात लावलं. पहिल्या पावसाळ्यात झाड चांगलं होतं. मग पानं पिवळी पडायला लागली, कळ्या धरायच्या आणि न उमलताच गळायच्या. फोटोत कोवळ्या पानावर हिरवी जाळी स्पष्ट दिसत होती. मागे बादली होती, तिला आतून पांढरा थर.

"पाणी बोअरचं का?" मी विचारलं.

"हो ताई. लई जड पाणी हाय. डाळ शिजत न्हाई."

पश्चिमेकडे, डिंभ्याच्या अंगाला, पाऊस धो-धो आणि माती तांबडी, आंबट. अनंताला तीच मानवते. पूर्वेला बेल्ह्याकडे पाऊस कमी, माती चुनखडीची. लोह मातीत असतंच, पण चुनखडीत ते अडकून बसतं, मुळांना उचलता येत नाही. मी तिला फोनवर उपाय सांगितला. दोन दिवसांनी तिचा निरोप आला. "ताई, राहू द्या आता. यात्रेच्या आधी झाड उपटायचं म्हणत्यात आत्या. पावणं यायच्या आत." आत्या म्हणजे तिची सासू.

मी फोन केला. ती हुंदका आवरत म्हणाली, "त्या म्हणत्यात, माझाच हात लागतो अडचणीत, म्हणून जळतंय. मी न्हाई लावत ताई. दारातनं जाते फक्त. आता पावण्यांत बी सांगायला लागल्यात, हिच्या हाताला झाड जगत न्हाई, मग बाकीचं काय जगायचं."

बाकीचं म्हणजे काय, ते मला विचारावं लागलं नाही. घरात अजून मूल नव्हतं. एका पिवळ्या पानावरनं त्या घरात मनीषाच्या कुशीचा निकाल लागत होता. माझं डोकं इतकं फिरलं, की फोन ठेवल्यावर काय करावं सुचेना. मग दुसऱ्या दिवशीची एसटी धरली.

घर चांगलं नांदतं, स्वच्छ. हौसाबाई, म्हणजे मनीषाची सासू, तरतरीत बाई. बसा म्हणाल्या, पाणी दिलं, चहा टाकला. मनीषा कुठे दिसेना. विचारलं तेव्हा त्यांनी हनुवटीनं गोठ्याकडे दाखवलं. गोठ्याच्या ओट्यावर ती बसली होती, शेजारी वेगळं ताट-तांब्या. मला बघून उभी राहिली, पण पुढे आली नाही.

"तिला अडचण हाय," हौसाबाई म्हणाल्या.

तिचा नवरा संतोष शेतातून आला. पोरगा वाईट नाही, पण गावात सगळे देतात ते सगळं त्यानंही झाडाला दिलेलं. आधी युरिया, मग दुकानदारानं माथी मारलेलं टॉनिक, आणि शेवटी कांद्याला टाकून उरलेली डीएपी. डीएपीत स्फुरद भरपूर. स्फुरद जास्त झालं की आहे तेवढं लोहही झाडाला मिळत नाही. "मग काय, झाडाचा होता तो घासही काढून घेतलास," मी म्हटलं. तो ओशाळून म्हणाला, "मॅडम, कांद्याला लागू पडतं म्हणून टाकलं." आमच्याकडे घरचं सगळं कांद्यावरून ठरतं.

मी पिंपाशी वाकले. मातीवर राखेचा जाड थर. ओली होऊन घट्ट बसलेली, पापुद्र्यासारखी सुटत होती.

"ही राख कोण टाकतं?"

"मी," हौसाबाई ठसक्यात म्हणाल्या. "रोज सकाळी बंबातली राख आंघोळ झाली की झाडाला घालते. राखंनं झाडाला जोर येतो. तुळशीला बी घालते."

राख म्हणजे चुन्याची सख्खी बहीण. थोडी घातली तर एखाद्या झाडाला चालते. आधीच चुनखडीची माती, त्यावर जड पाणी, त्यावर रोज बंबभर राख, आणि झाड अनंताचं. मी मातीचं पाणी काढून सामूचा कागद बुडवला. गडद निळा झाला, म्हणजे चुना फार. मी तो त्यांच्यासमोर धरला, समजावून सांगितलं. हौसाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आसंल. पर हिच्या हाताचं बी हायच की."

तेव्हा माझा तोल गेला. मी विचारलं, "काल मनीषा कुठे होती?"

"रानात. कांदा काढायला."

"अडचण असताना?"

"रानातलं येगळं असतं, ताई."

"कांद्याला विटाळ नाही, आणि अनंताला आहे?"

"कांद्याला मजूर मिळतंय का आता?" हौसाबाई म्हणाल्या. त्यांना त्यात वावगं काहीच वाटलं नाही. "आणि आमी काय येगळं केलं? आमी बी बसलोच की तितं. माज्या सासूनं तर पाऊस आला तरी आत घेतलं न्हाई मला."

हे ऐकून माझा राग कमी व्हायला हवा होता. तो वाढला. जी बाई त्याच ओट्यावर पावसात बसली, तिनंच आता तो ओटा सुनेसाठी झाडून ठेवलाय, याला काय म्हणावं ते मला अजून कळलेलं नाही.

लोहाची कमतरता नक्की करायची आमच्याकडे जुनी, साधी रीत आहे. हिराकस म्हणजे लोहाचा हिरवट खडा. तांब्याभर पाण्यात चिमूटभर हिराकस आणि थोडं लिंबू पिळायचं. ते पाणी कुंचल्यानं पिवळ्या पानावर लावायचं. लोहच कमी असेल तर लावलं तिथे पान हिरवं होत जातं. शेजारचं न लावलेलं पान तसंच पिवळं राहतं. ते डोळ्यांनी बघता येतं, त्याला शिक्षण लागत नाही. मी दोन वाट्यांत तेच पाणी केलं.

"हौसाबाई, तुम्ही आंघोळ करून देवपूजा केलेली आहे. या फांदीला तुम्ही लावा. त्या दुसऱ्या फांदीला मनीषा लावेल. आज, अडचणीत. मधल्या फांदीला कोणीच हात लावायचा नाही. हिच्या हातानं झाड जळत असेल तर तिची फांदी जळेल. तसं झालं तर यात्रेच्या आधी मी स्वतः येऊन झाड उपटून नेते."

"आन् न्हाई जळली तर?"

"तर झाड राहील. आणि पावण्यांत जे सांगताय ते बंद."

हौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग पोराकडे. "शिवाशिव व्हईल," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, "माझ्या अंगावर घेते." काय घेणार होते कोण जाणे. मनीषा ओट्यावरून उतरून आली. कुंचला धरून तिनं एकेक पान खालून तळहातावर घेतलं आणि सावकाश पुसल्यासारखं रंगवलं. हौसाबाईंनी आपली फांदी भराभर उरकली. मी दोन्हींना दोरे बांधले, तिच्या फांदीला लाल, सासूच्या फांदीला पांढरा. राख आणि वरची माती खरवडून काढली, चुना कमी करायला गंधकाची भुकटी आणि कुजलेला पालापाचोळा घातला, पिंपाला द्यायच्या पाण्यात लिंबू पिळायला सांगितलं. राख उकिरड्यावर टाकायची, असं हौसाबाईंना बजावलं आणि संतोषकडून डीएपीचं पोतं झाडापासून लांब ठेवायचा शब्द घेतला.

त्यानंतर मनीषा फोटो पाठवत राहिली. आधी पानांवर हिरवे ठिपके आले, मग ठिपके एकमेकांना मिळाले. दोन्ही फांद्या सारख्याच हिरव्या होत गेल्या. मधली तशीच पिवळी. मी फोनवर म्हटलं, "दाखवलंस का आत्यांना?" ती म्हणाली, "बघत्यात. रोज सकाळी येऊन बघत्यात. बोलत न्हाईत. पर राख न्हाई टाकली एकदा बी."

मला वाटलं, झालं काम.

यात्रेला त्यांनी मला आग्रहानं बोलावलं. मी गेले तर अंगण पाहुण्यांनी भरलेलं, चुलीवर मोठमोठी पातेली, गावात ढोल वाजत होते. अनंताला कळ्या धरल्या होत्या आणि दोन्ही फांद्यांवर फुलं उमलली होती, पांढरीशुभ्र. सगळ्या अंगणात वास. हौसाबाई कोण्या पाहुणीला सांगत होत्या, "औषध लावलं मीच. माज्या हातानं लागू पडलं." मी ऐकलं आणि गिळलं. मनीषाला शोधलं. ती गोठ्याच्या ओट्यावर बसली होती. तिची पाळी यात्रेतच आली होती. नव्या साडीची घडी तशीच मांडीवर होती.

देवळात फुलं न्यायची वेळ झाली. हौसाबाई ताम्हण घेऊन झाडाशी आल्या आणि थांबल्या. दोन्ही फांद्यांवरचे दोरे गेलेले होते, आणि इतके दिवस ओळख दोऱ्यांवरूनच होती. त्यांनी आधी एक फांदी न्याहाळली, मग दुसरी. वाकून पानं उलटी करून पाहिली. फुलंही जवळ घेऊन पाहिली. मग तिथूनच, पाहुण्यांच्या देखत, गोठ्याकडे बघून विचारलं,

"तुजी कंची गं?"

सगळं अंगण मनीषाकडे बघायला लागलं. ती उठली नाही. म्हणाली,

"दोनी हिरव्या हायेत, आत्या. तुमीच वळखा."

देवळाकडून हाक आली, पालखी निघतेय म्हणून. त्यांनी एक फूल तोडलं, मग भराभर आणखी चार, सगळी एकाच फांदीची, आणि ताम्हण पदराखाली धरून पाहुण्यांबरोबर निघून गेल्या.

अंगण रिकामं झालं. मी ओट्यावर मनीषाशेजारी जाऊन बसले. ती "ताई, शिवाशिव व्हईल," म्हणाली, पण सरकली नाही.

"दोरे तू सोडलेस?"

"व्हय. काल."

"कुठल्या फांदीची नेली त्यांनी?"

तिनं झाडाकडे पाहिलं. एक फांदी मोकळी झाली होती.

"माजी," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली. खूप हसली.

मला हसू आलं नाही. गावातले ढोल वाढले होते, म्हणजे पालखी देवळापाशी पोचली असणार. तिच्या हातानं वाचलेली फुलं गाभाऱ्यात गेली होती, आणि ती नवी साडी मांडीवर घेऊन गोठ्याच्या ओट्यावर बसली होती.